तुम्ही थांबता, पण विचारत नाही

हिंगोली,
फाल्गुन.

श्री. घरबसल्या, आपापल्या गतीने शिकवणारे ऑनलाइन प्रोग्रॅमिंग वर्ग यांस,


पत्र लिहिण्यास कारण की, इतकी वर्षं तुमचं आमच्या घरी येणं-जाणं आहे, पण आपलं समोरासमोर बोलणं कधी झालं नाही. लेक तुम्हाला ‘क्लास’ म्हणते. तिचे बाबा ‘तिचे मास्तर’ म्हणतात. मीही मास्तरच म्हणते, राग नसावा. ज्याच्यापाशी आपलं लेकरू रोज तास-दोन तास बसतं, त्याला काहीतरी नातं लावल्याशिवाय आमच्या भागात चैन पडत नाही.

इकडची खुशाली अशी की हळद निघाली आहे. वसमत-औंढ्याच्या शिवारात कुकर पेटलेत, शिजवलेली हळद वाळत पडली आहे. इथल्या संत नामदेव मार्केट यार्डात आता वाहनांची रांग लागेल. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिचं नाव जरा दूरवर ऐकू येतं. लेकीचे बाबा मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहेत, त्यामुळे या दिवसांत रात्रीच्या जेवणाला ते घरी असतीलच असं नाही. लेक ठीक आहे. तिचे फंक्शन झाले, लिस्ट झाल्या, सध्या डिक्शनरीत रमली आहे. उन्हाळ्याची चाहूल लागल्यापासून दुपारी लाइट जाते, म्हणून तुमच्याकडे बसायची वेळ तिने पहाटेची धरली आहे.

आधी आभार मानते, मग तक्रारीकडे वळते.

माझी मुलगी बोलताना अडखळते. लहानपणापासूनच. शब्द ओठांवर येतो आणि तिथेच अडकतो. ‘प’ आणि ‘क’ हे तिचे जुने वैरी. कोरोनात शाळा बंद झाली, तेव्हा घरात तिचं वाचन वाढलं, गणित सुधारलं, आणि मुख्य म्हणजे ती मोकळी झाली. शाळा उघडली तशी ती गेलीही. पण वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की मागून हसू यायचं, घड्याळ पुढे सरकायचं आणि प्रश्न शेजारच्या मुलीकडे जायचा. शिक्षकांचा दोष मी काढत नाही. एका तासात इतक्या मुलांना विचारायचं, तर कोण कुणासाठी किती थांबणार? आम्ही दोघांनी खूप विचार केला, नातेवाइकांचं खूप ऐकून घेतलं आणि तिला घरी शिकवायचं ठरवलं. हिंगोलीसारख्या गावात हा निर्णय घेणं म्हणजे प्रत्येक लग्नकार्यात त्याचं स्पष्टीकरण देत फिरणं.

आणि मग मास्तर, तुम्ही आलात. एका काळ्या चौकटीत तुमची ती छोटी रेघ लुकलुकत राहिली. मुलीने एक ओळ लिहायला दहा मिनिटं घेतली, रेघ तशीच. ती उठून पाणी पिऊन आली, रेघ तशीच. चुकली, तर तुम्ही तांबड्या अक्षरांत चूक कोणत्या ओळीत आहे ते सांगितलंत आणि पुन्हा वाट पाहत राहिलात. कुणी हसलं नाही. घाई केली नाही. तिचं वाक्य मध्येच तोडून कुणी स्वतः पूर्ण केलं नाही. वाक्य असं तोडलेलं अडखळणाऱ्या मुलाला फार लागतं. त्याचं वाक्य लोक मायेनेच पूर्ण करतात आणि त्याचं बोलणं खुंटतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी हवं तितका वेळ थांबलं. यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

तुमच्या घराण्याशी आमची ओळख तशी जुनी आहे. तिच्या बाबांनी बी.कॉम. केलं ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, दिवसा मोंढा आणि रात्री पुस्तक असं करत. १९८९ मध्ये ते विद्यापीठ निघालं नसतं, तर कॉलेजात जायची ऐपत नसलेली या भागातली कितीतरी माणसं पदवीवाचून राहिली असती. मी स्वतः एमएस-सीआयटी केलं. २००१ मध्ये एमकेसीएलने तो कोर्स आणला आणि बघता बघता तालुक्या-तालुक्याला सेंटर निघाली. आमच्या सेंटरवर एका कॉम्प्युटरला दोघी-दोघी बसायचो. माझ्या जोडीला गावाकडून बसने येणारी एक अंगणवाडीताई होती. माउस तिच्या हातात, कीबोर्ड माझ्या. तिला फोल्डर सापडला नाही की मी शोधायचे, माझं टायपिंग चुकलं की ती बोट ठेवायची. कोर्समधलं आज फारसं आठवत नाही, पण शेजारी ती होती म्हणून मी एकही दिवस बुडवला नाही, हे पक्कं आठवतं. मास्तर, तुमच्या वर्गात शेजारी कुणी नसतं. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. तुमचा धडा अक्षरमालेचा, म्हणजे स्ट्रिंगचा होता. एखाद्या शब्दाची लांबी मोजायची, तो उलटा करायचा. उदाहरण म्हणून तुम्ही इंग्रजीतला ‘हॅलो’ दिला होता. मुलीने तो केला, बरोबर आला, हिरवी खूण मिळाली. मग तिने आपल्या मनाने ‘हिंगोली’ लिहून बघितलं. तिच्या हिशोबाने अक्षरं तीन, हिं, गो, ली. पायथनने, म्हणजे ती शिकते त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने सांगितलं, सात. शब्द उलटा केला तर पडद्यावर भलतंच उमटलं. वेलांट्या आणि मात्रा आपापल्या अक्षरांपासून सुटल्या होत्या, एक वेलांटी तर नुसत्या ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकत होती. मुलीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तुमच्या पुढच्या-मागच्या धड्यांत शोधलं. काही सापडेना, तशी ती गप्प झाली. दोन आठवडे तिने लॅपटॉप उघडला नाही.

त्या दोन आठवड्यांत तुमच्याकडून एक निरोप आला, अमुक टक्के अभ्यासक्रम पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदनाचा. मास्तर, मुलगी कुठवर आली हे तुम्हाला टक्क्यांत कळत होतं. ती थांबली का, हे कळत नव्हतं. तुमच्या दृष्टीने तो धडा तर पूर्णच झालेला होता. हिरवी खूण होती ना!

सोडवलं ते शेजारच्या मुलाने. नांदेडला इंजिनिअरिंगला असतो, दिवाळीला घरी आला होता. ओट्यावर बसून त्याने तिला विचारलं, “कुठे अडलीस?” ते सांगायला तिला बराच वेळ लागला. ‘पायथन’ म्हणतानाच ‘प’ने दगा दिला. तो पोरगा शांतपणे थांबला. तिचं ऐकून झाल्यावर त्याने सांगितलं की युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला आपला स्वतंत्र क्रमांक असतो. ह वेगळा, त्याची वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा. असे ‘हिं’चेच तीन झाले. ग आणि त्याची ओकाराची खूण मिळून दोन, ल आणि त्याची वेलांटी मिळून दोन, एकूण सात. पायथन मोजतं ती चिन्हं, तू मोजतेस ती अक्षरं, दोघांचंही बरोबर. मुलीचा चेहरा असा उजळला की मला स्वयंपाकघरातून दिसला. मग त्यानेच आणखी एक गंमत दाखवली. पायथनमध्ये चलाला, म्हणजे व्हेरिएबलला, ‘हळद’ असं मराठीत नावसुद्धा देता येतं. आणि मराठी आकड्यांत लिहिलेली ‘१२५’ ही अक्षरमाला संख्येत बदलायला सांगितली, तर ते निमूट बदलून देतं. मात्र प्रोग्रॅममध्ये थेट मराठी आकडा लिहिला तर चालत नाही, चूक दाखवतं. यातलं काहीही तुमच्या धड्यात नव्हतं.

मास्तर, शिकवणं चुकलं असं मी म्हणत नाही. धडा उत्तमच होता. पण अडलेल्या मुलाला “कुठे अडलीस?” असं विचारणारं कुणीतरी लागतं. पंधरा मिनिटांचं काम होतं ते.

ही एकट्या माझ्या घरची रड असती, तर मी पत्र लिहिलं नसतं. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून चालवलेल्या ऑनलाइन वर्गांची २०१२ ते २०१८ या काळातली माहिती दोन अभ्यासकांनी तपासली आणि २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. २०१७-१८ मध्ये ज्यांनी नावं घातली, त्यांच्यातले अभ्यासक्रम पूर्ण करणारे निघाले सुमारे ३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांतसुद्धा निम्म्यापेक्षा कमी. ही तर बहुतेक मोठी, शिकलेली माणसं होती. आमच्याकडच्या एखाद्या शाळेतली शंभरातली सत्त्याण्णव मुलं वर्ग सोडून गेली असती, तर गटशिक्षणाधिकारी दारात उभे राहिले असते. तुमच्याकडे मात्र जाणारा कधी गेला, याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना लोक एक नाव हमखास ऐकवतात, मालविका जोशी. मुंबईची ही मुलगी सातवीत असताना शाळेतून बाहेर पडली, घरी शिकली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारताकडून तीनदा पदक मिळवून आली, दोनदा रौप्य, एकदा कांस्य. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. त्या वर्षी ही बातमी आमच्या घरी कितीदा आली! आमची लेक तेव्हा शाळेतही जात नव्हती, पण तिच्या काकांना कॉम्प्युटरचं वेड, म्हणून सगळ्यांनी त्यांना पाठवली आणि काकांनी आम्हाला. पुढे मुलगी घरी शिकायला लागल्यावर तीच बातमी पुन्हा उकरून निघाली. “बघा, शाळेवाचून काही अडत नाही, घरी कॉम्प्युटर असला की झालं.”

ही बातमी मी शेवटपर्यंत वाचली आहे. तिचा मधला भाग लोक गाळतात. ऑलिंपियाडची तयारी करताना मालविका चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रा. माधवन मुकुंद यांच्या संपर्कात आली. ऑलिंपियाडच्या भारतीय संघाच्या तयारीचं काम ते पाहत. २०१३ ते २०१६ या काळात ती बराच वेळ त्या संस्थेत होती. शाळेबाहेर राहिल्याने तिच्या गणितात आणि अल्गोरिदममध्ये ज्या फटी राहिल्या होत्या, त्या मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखल्या आणि शिकवून भरून काढल्या. बारावीचा कागद न मागता त्या संस्थेने तिला एमएस्सीच्या पातळीच्या अभ्यासाला बसवलं. ती हुशार होतीच, मेहनतीही होती, तिची आई तिच्यामागे भक्कम उभी होती. पण कोणती फट कुठे आहे हे बघणारी माणसंही तिच्याजवळ होती.

आता यातला माझ्या मनाला लागलेला भाग सांगते. हेच प्रा. मुकुंद पायथन शिकवतात तो वर्ग एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आहे, फुकट. डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, सगळं आहे त्यात. हिंगोलीतल्या आमच्या घरात माझी मुलगी त्यांचं शिकवणं ऐकते, समजेपर्यंत मागे नेऊन पुन्हा ऐकते. चेन्नईचा एवढा मोठा शिक्षक गल्लीत आला, ही केवढी मोठी गोष्ट! माझ्या आईला सांगितलं तर तिला खरं वाटत नाही. पण मुकुंदांचं मालविकाने ऐकलं तसं तिचंही त्यांनी ऐकून घेतलं होतं. पहिली अर्धी गोष्ट तुम्ही आमच्यापर्यंत आणलीत, मास्तर. दुसरी अजून चेन्नईतच आहे.

शिकायला माणूस लागतो, हा विषय आमच्या जिल्ह्याला नवा नाही. नामदेवांचं गाव नरसी, इथून जवळच. त्यांची कथा आमच्याकडे लहान लेकरांनाही पाठ असते. नामदेव थेट विठ्ठलाशी बोलायचे, देव त्यांच्या हातून जेवायचा, त्यांना कुणाची काय गरज! संत जमले असताना मुक्ताईने गोरोबाकाकांना म्हटलं, यातली कोणती मडकी पक्की ते बघा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत निघाले. नामदेव चिडले, आणि ठरले कच्चे. विठ्ठलाकडे गाऱ्हाणं नेलं, तर त्यानेच सांगितलं, औंढ्याला जा, विसोबा खेचरांना गुरू कर. ते औंढा नागनाथ याच जिल्ह्यात. ज्याची देवाशी रोजची बोलाचाली, त्यालाही माणसाकडे पाठवलं गेलं. आमच्या घरी ही कथा निघाली की मुलगी विचारते, “विसोबांनी नामदेवांना किती वेळ दिला असेल?” तिच्या प्रश्नातलं दुखणं मला कळतं.

तक्रारीच्या भरात बाबांचा किस्सा राहून जाईल, म्हणून सांगते. मुलीने मोंढ्याची पट्टी तयार करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कट्ट्यांची वजनं घ्यायची, बेरीज करायची, दराने गुणायचं, हमाली-तोलाई वजा करायची, शेतकऱ्याच्या हाती किती येतात ते छापायचं. चलांची नावं सगळी मराठीत, वजन, दर, हमाली. प्रोग्रॅम चालला, पण मध्येच एखादी बेरीज विचित्र यायची. शोधत शोधत ती मुळाशी गेली आणि पायथनला नुसतं ०.१ अधिक ०.२ विचारलं. उत्तर आलं, ०.३०००००००००००००००४. इतक्या दूरचा तो चार बघून ती चक्रावली. कॉम्प्युटर सगळं शून्य आणि एकमध्ये साठवतो, आणि एक दशांश हा अपूर्णांक त्या पद्धतीत कधीच नेमका बसत नाही, दशांशात एक तृतीयांश लिहायला गेलं की ३३३ संपत नाहीत तसंच. हे तिला तुमच्याच धड्याच्या तळटीपेतून कळलं, त्याचं श्रेय तुमचं. पण करायचं काय, ते कळेना.

बाबा रात्री उशिरा आले. जेवता जेवता तिचं ऐकत होते. तिचा शब्द अडत होता, ते घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, “किलोत कशाला मांडतेस? ग्रॅममध्ये मांड. रुपये पैशात कर. शेवटी एकदाच भाग दे. आमचे जुने मुनीम पैशातच हिशोब धरायचे, अपूर्णांक ठेवायचेच नाहीत.” तिने तसं केलं आणि पट्टी बरोबर आली. पैशांचा हिशोब पूर्णांकात ठेवावा, हे मोठमोठे प्रोग्रॅमरही सांगतात, असं मला नंतर समजलं. तिच्या बाबांना पायथनमधलं एक अक्षर येत नाही. पण त्यांनी विचारलं आणि तिचं बोलणं संपेपर्यंत घास हातात धरला. माझ्या मागणीसाठी याहून वेगळा दाखला मी कुठून आणू?

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात तुमचा हात नाही आणि माझाही चालत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकणाऱ्या लेकराचा उल्लेखच नाही. आमच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी आहे, वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, आणि बारावीला तिथे कॉम्प्युटर सायन्स हा विषयही आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. काय करायचं ते यंदा ठरवू. तुमच्या प्रमाणपत्रांची फाईल मी जपून ठेवली आहे, पण परीक्षेच्या फॉर्मवर ती कुठे लिहायची याचा रकाना नाही.

आता एक मोठी बातमी, जी तुम्हाला माझ्याआधी कळली असेल. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात असणार, आणि अवकाशातून आलेल्या गुरुत्वलहरीने त्यांच्या लांबीत पडलेला अणूच्या गाभ्याहूनही बारीक फरक तिथे मोजला जाणार. अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर पकडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सव्वाअब्जाहून जास्त प्रकाशवर्षं दूर, आणि खूण उमटली सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी. गोंगाटातून अशी खूण वेचून काढायची गणिती रीत घडवण्यात पुण्याच्या आयुकातल्या प्रा. संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. आणि मास्तर, ते वेचण्याचं काम आज प्रोग्रॅमच करतात, बरेचसे पायथनमधले. पहिल्या लहरीची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली आहे, ती पायथनने कशी वाचायची याचे धडेही सोबत आहेत.

मुलीने ती आकडेवारी उतरवून घेतली आहे. आलेख काढला आहे. गोंगाट गाळून ती लहर वर कशी काढायची, तिथे सध्या ती अडली आहे. तिच्या जिल्ह्यातच हे यंत्र उभं राहतं आहे, आणि तिला हा प्रश्न विचारायला माणूस नाही.

म्हणून माझ्या विनंत्या ऐका.

एक तर मराठीत बोला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने हे करून दाखवलं आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या त्या उपक्रमात दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, पडदा इंग्रजीतच, पण आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. एक खिडकी धड्याची, एक आपल्या कामाची, शेजारी शेजारी ठेवून करत जायचं. ज्या मुलाजवळ शिक्षक नाही, त्याच्यासाठीच ते बेतलेले आहेत आणि कळतं ते. माझी मुलगी इंग्रजी वाचते, पण शेजारच्या गल्लीतल्या ज्या मुलींना तिने शिकायला बोलावलं, त्या इंग्रजी आवाज ऐकूनच उठल्या.

दुसरं, धडे उतरवून घेऊ द्या. पायथन एकदा जुन्या लॅपटॉपवर टाकलं की त्याला इंटरनेट लागत नाही. तुम्हाला मात्र प्रत्येक पानाला लागतं. लाइट गेली की राउटर बंद, मोबाइलचा दिवसाचा डेटा व्हिडिओतच संपतो, आणि बॅटरी भरलेली असूनही मुलगी हात बांधून बसते.

आणि तिसरी विनंती सगळ्यात मोठी. मूल गप्प झालं, तर विचारा. तुमच्याकडे प्रत्येकाचा हिशोब असतो, कोण कधी आलं, किती वेळ कुठल्या ओळीवर थांबलं. रोज येणारं मूल आठवडाभर आलं नाही, तर अभिनंदनाचा निरोप नको, माणसाचा प्रश्न यावा. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं पुरेत. लिहून विचारलं तरी चालेल; माझ्या मुलीला तर लिहून जास्त चांगलं सांगता येतं. पण एखादा बोलणारा असेल तर तो तुमच्यासारखाच थांबणारा असावा. तिला बोलायचं आहे, मास्तर. तुमच्यापाशी न बोलता सगळं जमतं, म्हणून तिचं बोलणं घरातसुद्धा कमी होऊ लागलं आहे. या एका गोष्टीची मला भीती वाटते.

तुम्हाला हे जमेल तेव्हा जमेल. तोवर हे पत्र तुमच्या नावाने असूनही जे वाचत आहेत, त्यांच्याकडे वळते. नांदेड, पुणे, छत्रपती संभाजीनगरला शिकणारी आमच्या भागातली मुलं सुट्टीला गावी येतात. औंढ्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर येतील, शास्त्रज्ञ येतील. पुण्यात, बंगळुरात, परदेशात नोकरी करणारी हिंगोली-कळमनुरी-सेनगावची पोरं तर खूप आहेत. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात कुणी मूल एकटंच पडद्यासमोर शिकत असेल, घरी राहून असो की शाळेतून आल्यावर असो, तर रविवारी एक तास त्याच्याशेजारी बसा. शिकवू नका हवं तर, शिकवायला मास्तर आहेत. कुठे अडलंय ते विचारा आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
हिंगोलीची एक आई